नऊ माळा, नऊ गोळ्या

उपाशीपोटी गोळी घ्यायची नाही, हा आमच्या घरातला नियम मी केला. त्याला कारणही तसंच होतं. फार वर्षांपूर्वी एका महाशिवरात्रीला ह्यांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, कंबर धरली होती. दिवसभर पोटात नुसता चहा, आणि त्यावर दुखणं थांबायच्या दोन गोळ्या. संध्याकाळी काळपट उलटी झाली, ती रक्ताची निघाली. आठ दिवस दवाखान्यात काढले. घरी आल्यावर मी जाहीर केलं की यापुढे जेवण नाही तर गोळी नाही. ह्यांनी मान डोलावली. आमच्याकडे एकदा मी जाहीर केलं की विषय संपत असे.

मी महापालिकेच्या शाळेत प्राथमिक शिक्षिका होते. छत्तीस वर्षं पाढे, शुद्धलेखन आणि नखं तपासली. माझं कधी चुकत नाही, असं मी स्वतः म्हणत नसे. लोक म्हणत, आणि मी नाही म्हणत नसे. हे झेंडू आणि शेवंती लावतात. मी लग्न होऊन आले तेव्हा आमच्या मळ्यातून नाशिकला जायचं म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम होतं. आता शेजारच्या बांधाला सात मजली इमारत टेकली आहे. मळा त्यांचा आणि कागद माझे, अशी आमची वाटणी. शाळेचे दाखले, बँकेचे फॉर्म, औषधांच्या चिठ्ठ्या, पाहुण्यांशी बोलणी, सगळं माझ्याकडे. लग्नानंतरची पहिली काही वर्षं मी त्यांच्या ‘हाय’चं ‘आहे’ आणि ‘नाय’चं ‘नाही’ करत बसले. नंतर मी ते सोडून दिलं. खरं सांगायचं तर मला तेवढं दुरुस्त करायला उरलंच नाही, कारण चारचौघांत ते कमी बोलायला लागले होते. ते मला ‘मास्तरीणबाई’ म्हणतात. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे मी कधी विचारलं नाही.

तीन वर्षांपूर्वी फूलबाजारात क्रेट उतरवताना ते मटकन खाली बसले. कार्डिओग्राम निघाला आणि कळलं की हृदयाचे वरचे कप्पे ठोके देण्याऐवजी नुसते थरथरत आहेत. मग मी नाडी बघायला शिकले. शाळेतलंच मनगटी घड्याळ, आणि त्यांच्या अंगठ्याच्या मुळाशी माझी तीन बोटं. मधल्या सुट्टीतल्या वर्गासारखी नाडी होती ती. दोन ठोके धावत येत, मग एक दांडी, मग तीन एकदम दारातून घुसत. दीड वर्ष गोळ्या झाल्या. गोळ्यांनी काही दिवस शिस्त लागे, की पुन्हा गोंधळ. शेवटी डॉक्टरांनी अ‍ॅब्लेशन करू म्हणून सांगितलं.

डॉक्टर आमच्या लेकीच्या वयाचे. त्यांनी कागदावर हृदय काढून दाखवलं. “वरच्या कप्प्यात नको त्या जागांवरून करंट फुटतोय, काका. मांडीच्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत न्यायची आणि त्या जागा जाळून बंद करायच्या.”

ह्यांनी चित्र उलटसुलट करून बघितलं. “म्हणजे पाटाचं पाणी नको तिथनं फुटतंय, तिथं माती लावायची.”

“अगदी तसंच.”

“मंग ती माती बसंपर्यंत झिरपंल थोडं.”

डॉक्टर हसले, पण मान गंभीरपणे हलवली. पहिले तीन महिने झिरपणारच, म्हणाले. जखमा भरेपर्यंत हृदय मधूनच पळेल, अडखळेल. त्याने घाबरून जायचं नाही, पण लपवायचंही नाही. मी वहीत लिहून घेतलं.

तारीख मिळाली ती नेमकी पितृपक्षात. माझ्या थोरल्या जाऊबाई शेजारीच राहतात, त्यांनी कपाळाला हात लावला. “पक्षात छातीला हात लावत्यात का कुठं? नवरात्र होऊ द्या, मंग बघा.” मी त्यांना सुनावलं की हृदयाला पंचांग कळत नाही. आपण कशा शहाण्या, असं त्या वेळी मला वाटलं हेही लिहून ठेवते, कारण पुढचं सगळं त्या शहाणपणातूनच आलं.

ऑपरेशन नीट झालं. दोन दिवसांनी घरी सोडलं तेव्हा नाडी बघितली. टाळ्या वाजवाव्यात असं वाटलं. एक, एक, एक. सगळे हजर, सगळे रांगेत. लेक गंगापूर रोडला राहते. ती गाडी आणायला गेली, मी खाली मेडिकलमधून महिन्याची औषधं घ्यायला गेले, आणि हे वर सिस्टरपाशी बसून राहिले. औषधांत एक लहानशी विटकरी रंगाची गोळी होती. रक्त पातळ ठेवणारी. रात्री, पोटभर जेवल्यावर, रोज एक. हृदयात कुठे रक्ताची गुठळी धरू नये आणि ती सुटून मेंदूत जाऊन बसू नये, म्हणून ती गोळी. डॉक्टरांनी हे मला दोनदा समजावून सांगितलं होतं आणि मी दोनदा ‘हो’ म्हटलं होतं. दहा-दहाच्या तीन पट्ट्या घेऊन वर आले. सिस्टर काही सांगून निघाल्या होत्या.

“काय म्हणाल्या?” मी विचारलं.

“तुला ठाव हाय तेच,” हे म्हणाले आणि चप्पल शोधायला लागले.

तेरा-चौदा दिवस छान गेले. मग घट बसायचा दिवस आला.

सासरे गेल्यापासून ह्यांचं नवरात्र कडक आहे. नऊ दिवस पायात चप्पल नाही. दुपारी एकदाच भगर आणि दाण्याची आमटी, रात्री फक्त कपभर दूध. मी सुचवून बघितलं की यंदा उठता-बसता करा, म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या दिवशी धरा, मधले सात दिवस जेवा. पुष्कळ लोक तसं करतात आणि देवी कुणावर रुसल्याचं ऐकिवात नाही. ते म्हणाले, “एवढी वर्षं धरलं, अन् यंदा जिवानिशी वाचलो तर यंदाच सोडू?” त्यांचं एवढं लांब वाक्य ऐकून बरेच दिवस झाले होते. मी उपासाला होकार दिला.

आता प्रश्न गोळ्यांचा. सकाळच्या गोळ्या दुधाबरोबर चालण्यासारख्या होत्या. रात्रीचं जेवण मात्र नव्हतंच, आणि विटकरी गोळी तर पोटभर जेवल्यावर घ्यायची. रक्त पातळ करणारी गोळी, तीही रिकाम्या पोटी, तीही एकदा रक्त ओकलेल्या पोटात! माझ्या डोळ्यांसमोर ती महाशिवरात्र उभी राहिली. नऊ दिवसांनी काय होतंय, असा हिशोब मी मनाशी केला. डॉक्टरांना फोन करून विचारायला हवं होतं. विचारलं नाही, कारण मला उत्तर माहीत होतं.

पहिल्या माळेच्या संध्याकाळी त्यांनी दूध प्यायलं आणि सवयीने गोळीसाठी तळहात पुढे केला. घटापाशी जाऊबाई आणि दोन शेजारणी बसल्या होत्या.

“आज नाही,” मी म्हटलं. “उपास सुटेपर्यंत ही बंद.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. हात क्षणभर तसाच राहिला. “बरं,” म्हणाले आणि हात धोतराला पुसला.

मग रोज घटावर झेंडूची एक माळ चढत गेली, आणि रोज एक गोळी पट्टीत राहत गेली. जाऊबाई म्हणत होत्या की देवी बघून घेईल. मी म्हणत होते की देवीचं माहीत नाही, मी बघतेय. दसऱ्याचा झेंडू तोडायला बायका आल्या, मळा पिवळाजर्द होऊन रिकामा झाला. ह्यांनी डॉक्टरांचं ऐकून एकही क्रेट उचलला नाही, नुसते बांधावर अनवाणी उभे राहिले. दसऱ्याला पुरणपोळी झाली, पोटभर जेवण झालं आणि त्या रात्रीपासून मी विटकरी गोळी पुन्हा सुरू केली. उपासही झाला आणि पोटही सांभाळलं, म्हणून मी स्वतःवर खूश होते.

कोजागरी होऊन दोन-तीन दिवस झाले असतील. सकाळी हे विहिरीकडे गेले आणि अर्ध्या वाटेतून परत आले. ओट्यावर बसले. शर्टाचं वरचं बटण उघडलं.

“काय होतंय?”

“काय नाय. जरा धाप लागली.”

मी मनगट हातात घेतलं. पहिल्यांदा मला हायसं वाटलं, कारण नाडी एका चालीत होती. जुना गोंधळ नव्हता, एकही ठोका गैरहजर नव्हता. मग घड्याळ लावून मोजलं. पंधरा सेकंदांत अडतीस. पुन्हा मोजलं, पुन्हा अडतीस. बसल्या जागी माणसाचं हृदय मिनिटाला दीडशे ठोके देत होतं आणि चेहरा असा, की जणू विहिरीवरची मोटर बंद करायची राहिलीये एवढीच काळजी. मी लेकीला फोन लावला. तिने डॉक्टरांना विचारलं. काही खायला देऊ नका, तसेच घेऊन या, असा निरोप आला. ते सकाळपासून उपाशीच होते.

दवाखान्यात छातीला वायरी लावल्या, कार्डिओग्राम निघाला. डॉक्टर आले. आमची तोंडं बघून त्यांनी आधी धीर दिला. हे जुनं दुखणं नव्हे, म्हणाले. जाळलेल्या जागांचे व्रण तयार होत असतात. कधी कधी करंट त्या व्रणाला वळसा घालून गोल गोल फिरत राहतो आणि हृदयाला पळवतो. ऑपरेशन फसलं असा याचा अर्थ नाही, पण इतक्या वेगात फार काळ ठेवताही येणार नाही. थोडी झोप आणून छातीवर एक शॉक द्यायचा, की गाडी रुळावर येईल.

“फक्त एक सांगा,” ते म्हणाले. “रक्त पातळ करायची गोळी या तीन आठवड्यांत एखादी तरी चुकली आहे का?”

“एकही नाही,” मी म्हणाले.

विचार न करता म्हणाले. खोटं बोलावं असं मनातही नव्हतं. शाळेत गैरहजर वेगळा आणि रजा मंजूर असलेला वेगळा. माझ्या मनात त्या नऊ रात्री रजेच्या होत्या. चुकलेली गोळी म्हणजे विसरलेली गोळी, आणि मी काही विसरत नाही. लेक शेजारी उभी होती. ती कौतुकाने म्हणाली, “आईची वही असते, डॉक्टर. काळजीच नाही.” हे खाटेवर पडून छताकडे बघत होते.

कागदावर सही करायची होती. पेन काढायला पर्समध्ये हात घातला तर हाताला पट्टी लागली. औषधं सोबत आणायची, हाही नियम माझाच. पट्टी बाहेर काढली. तिसरी पट्टी होती ती. एक घर रिकामं, नऊ भरलेली. औषधं महिन्याची आणली होती. महिना काल रात्री संपला होता आणि पट्टी संपली नव्हती.

नऊ.

डॉक्टर काय विचारत होते आणि का विचारत होते, ते सगळं एकदम कळलं. गुठळी असेल तर शॉकने ती सुटेल. सुटली तर वर जाईल. दोनदा समजावून सांगितलं होतं मला.

आणि तरीही मी लगेच बोलले नाही. हे लिहायला मला फार वेळ लागला, पण तेवढ्यासाठीच मी हे लिहायला बसले आहे. सिस्टर ह्यांच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधत होत्या. पट्टा फुगला, थांबला, हळूहळू सुटला. तेवढा वेळ मी पट्टी मुठीत धरून गप्प उभी राहिले. डोक्यात काय होतं? लेकीचं ते वाक्य. जाऊबाई. डॉक्टरांना आता काय वाटेल. दसऱ्यापासून रोज दिलीच होती की, म्हणजे अगदी चुकल्या असं काही... नवरा मरणाच्या दारात आणि मी स्वतःचे मार्क वाढवून घेत होते. मग सिस्टरनी खाटेचा ब्रेक पायाने काढला. तो खट् असा आवाज झाला आणि मी ओरडले, “थांबा! नऊ चुकल्यात.”

डॉक्टर वळले. मी पट्टी त्यांच्यापुढे धरली. उपास, महाशिवरात्र, रिकामं पोट, काय काय सांगितलं ते मला आठवत नाही. “ह्यांनी नाही चुकवल्या, मी बंद केल्या,” एवढं आठवतं. लेक माझ्याकडे बघत होती. डॉक्टरांनी पट्टी घेतली, बघितली आणि शांतपणे म्हणाले, “बरं झालं सांगितलंत.” रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

एरवी अन्ननलिकेतून कॅमेरा घालून हृदय मागच्या बाजूने बघतात. पण जाळलेली जागा अन्ननलिकेला अगदी लागून असते, जखम अजून ओली, म्हणून तिथे नळी घालायला नको असं ठरलं आणि सीटी स्कॅन काढला. वरच्या डाव्या कप्प्याला एक छोटा खिसा असतो. त्या खिशात गुठळी होती. डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवून दाखवली. नखाएवढी, काळी.

“आज शॉक दिला असता तर...” डॉक्टरांनी वाक्य पुरं केलं नाही. मी ते पुढे कितीतरी वेळा पुरं केलं.

शॉक रद्द झाला. शिरेतून औषध देऊन हृदयाचा वेग कमी केला. मग त्यांनी सांगितलं की आता सहा आठवडे ती गोळी रोज, पोटभर जेवल्यावर, एक दिवसही न चुकता. गुठळी विरघळली तर बघू. बोलताना जीभ जड वाटली, तोंड वाकडं झालं, हात उचलता आला नाही, तर क्षणाचाही विलंब न करता आणायचं. मी वहीत लिहून घेतलं. अक्षर माझं वाटत नव्हतं.

ते सहा आठवडे मी कसे काढले ते मलाच माहीत. नखाएवढी काळी वस्तू नवऱ्याच्या छातीत घेऊन मी स्वयंपाक करत होते, कपडे वाळत घालत होते. ते ओट्यावरून उठले तरी माझं लक्ष त्यांच्या पायांकडे. लेक काही बोलली नाही, फक्त रोज संध्याकाळी फोन करून विचारी, “आई, गोळी दिली?” छत्तीस वर्षं मी लोकांची पोरं तपासली, आता माझी पोर मला तपासत होती. बरोबरच होतं ते.

रोज सकाळी उठल्याबरोबर मी त्यांना दोन्ही हात वर करायला लावी, हसायला लावी आणि मग एक पाढा म्हणायला लावी. जीभ कुठे अडखळते का ते बघायचं होतं. माझ्यापाशी दुसरं माप नव्हतं. दोनपासून सुरुवात केली, पण ते फार सोपं वाटायला लागलं, म्हणून तेराचा घेतला. पांघरुणात बसून, केस विस्कटलेले, हे गंभीरपणे म्हणत: तेरा एके तेरा, तेरा दुणे सव्वीस, तेरा त्रिक एकोणचाळीस.

“म्हातारपणी साळंत घातलं,” असं म्हणून मग चहा मागत.

दिवाळीचा झेंडू दुसऱ्यांनी तोडला. कार्तिकी एकादशीला सगळी वस्ती उपाशी असताना मी वरणभात केला. ताट त्यांच्यापुढे ठेवलं. आयुष्यात त्या दिवशी त्यांच्या पोटात भात गेला नव्हता. त्यांनी ताटाला नमस्कार केला आणि जेवले. मी त्या दिवशी पाणीसुद्धा घेतलं नाही. उपास अशा तऱ्हेने दुसऱ्याच्या नावावर करता येतो का, मला माहीत नाही; करून टाकला.

एका सकाळी मी चहाचं भांडं घासत होते आणि ते एकटेच ‘तेरा सक अठ्ठ्याहत्तर’पर्यंत आले आणि थांबले. “तेरा साते...” ओठ हलले. शब्द आला नाही. पुन्हा “तेरा साते...”

माझ्या हातातलं भांडं पडलं. मी त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला. “हसा! हसून दाखवा! हात वर करा!”

त्यांनी दोन्ही हात वर केले. “अगं, येत नाय मला तेरा साते. साळंतबी येत नव्हतं. रोज तू बोलती त्यात मिसळून म्हणत होतो.”

मी त्यांना वाट्टेल ते बोलले. मग तिथेच खाली बसून रडले, चार लोकांना ऐकू जाईल असं. ते वरून माझ्या डोक्यावर थापटत म्हणत होते, “एक्याण्णव. एक्याण्णव. आलं, बघ.”

सहा आठवड्यांनी पुन्हा सीटी काढला. थंडी पडली होती, दवाखान्याच्या फरशीचा गारठा चपलेतून वर येत होता. खिसा रिकामा होता. डॉक्टरांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला आणि मी वही, रिकाम्या पट्ट्या, सगळं त्यांच्यापुढे ठेवलं. मग ह्यांना आत नेलं. मी दाराबाहेर होते. मला वाटलं होतं मोठा आवाज येईल. काहीच आला नाही. दहा मिनिटांनी डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, “झालं. एका शॉकमध्ये आलं.”

मी आत जाऊन मनगट धरलं. पंधरा सेकंदांत अठरा. हळू, सावकाश, एकेक.

दुपारी त्यांना चहा-बिस्कीट दिलं. लेक घरी गेली होती, खोलीत आम्ही दोघंच. मी ठरवलंच होतं की ते बरे झाले की हे बोलायचं. म्हटलं, “त्या दिवशी मी लगेच बोलले नव्हते. गोळ्या दिसल्यावरही थोडा वेळ गप्प उभी राहिले होते. तुम्हाला माहीत नाही.”

“हाय ठाव,” ते म्हणाले. “मी बघत होतो तुझ्याकडं.”

“म्हणजे?”

त्यांनी बिस्कीट बशीत ठेवलं. “सिस्टरनी सांगितलं होतं मला. तू खाली औषधं आणाया गेलती तवा. उपास असो, काय बी असो, ही गोळी एक दिवस चुकवू नका म्हणली.”

मी विचारलं, “मग मला का नाही सांगितलंत?”

“पयल्या माळंला हात पुढं केला. तू म्हणली बंद. वैनी बसलेल्या, शेजारच्या बसलेल्या. म्हटलं, तुला जास्ती ठाव असंल.”

“आणि इथे? डॉक्टर विचारत होते तेव्हा? शॉक द्यायला नेत होते तेव्हा?”

ते खिडकीकडे बघत राहिले. “लेक हुबी होती. तू एवढं ठाम सांगितलं, एकबी नाय म्हणून. तुला त्यांच्यासमोर खोटं कसं पाडू?”

“अहो, मेला असतात तुम्ही!”

“हां,” ते म्हणाले. मग चहाचा घोट घेतला. “पण तू सांगितलंस की.”

मला त्यांचा असा राग आला की कप भिंतीवर फेकावा वाटला. सहा आठवडे मी स्वतःला खात होते आणि हा माणूस पाढे म्हणत होता! पण तो राग बाहेर कॉरिडॉरपर्यंतही पुरला नाही. तिथल्या बाकड्यावर बसल्यावर एकेक आठवायला लागलं. लेकीच्या लग्नाच्या बैठकीत ते काही बोलायला लागले आणि मी “थांबा, तसं नाही” म्हणाले होते. त्यानंतर पूर्ण बैठकीत ते बोलले नव्हते. शाळेच्या कार्यक्रमात, बँकेत, पाहुण्यांत. प्रत्येक वेळी मी बरोबर होते. एकदाही चुकले नव्हते. आणि त्या बरोबर असण्याची त्यांना इतकी सवय लावली होती, की ते छातीत गुठळी घेऊन, छताकडे बघत, माझा मान राखत गप्प पडून राहिले. तिकडे मीही तोच मान मुठीत धरून गप्प उभी होते. आम्ही दोघं मिळून एकच गोष्ट वाचवत होतो, आणि ती त्यांचा जीव नव्हती.

नंतरच्या तपासण्या चांगल्या आल्या. विटकरी गोळी चालू आहे. पुढच्या नवरात्रात त्यांनी उठता-बसता धरलं, आणि डॉक्टरांना विचारून त्या दोन रात्रीही घटासमोर बसून, जेवूनच गोळी घेतली. फोन त्यांनी स्वतः लावला, मी शेजारी उभीसुद्धा राहिले नाही. नाडी मी अजून रोज बघते. मधूनच एखादा ठोका घसरतो, मग पुढचा त्याला सांभाळून घेतो.

पाढा मात्र आता बंद आहे. त्याऐवजी रोज सकाळी चहाआधी मी त्यांना एकच वाक्य म्हणायला सांगते: “मास्तरीणबाई, तुझं चुकलं.” काहीही निमित्त काढा, म्हणते, मीठ जास्त पडलं म्हणा, दिवा लावायला विसरली म्हणा, पण माझ्या तोंडावर म्हणा. ते हसतात, मिशीवरून हात फिरवतात, चहा कुठंय विचारतात. तेरा साते त्यांना आता झोपेतसुद्धा येतं. हे वाक्य अजून आलेलं नाही.